आईच्या नावाचं आमंत्रण

आई ‘आतल्या खोली’त आली ती सकाळी, ताई ओट्याशी उभी राहून चहा गाळत असताना. फोनच्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटला, त्याच्या शेजारी ‘आई’ अशी दोनच अक्षरं, आणि ताईने अर्धा चहा कपात नि अर्धा ओट्यावर ओतला. इतके महिने जे कुणालाच जमलं नव्हतं ते तिच्या एका युक्तीने जमलं होतं. स्वतःची पाठ स्वतःला थोपटता येत नाही म्हणून, नाहीतर तिने त्या दिवशी तेही केलं असतं.

आतली खोली म्हणजे चार भिंतींची खोली नव्हे. तो ताईने लिहिलेला एक प्रोग्रॅम होता. त्यात मधे कुठली कंपनी नव्हती की कुठलं मोठं यंत्र नव्हतं. एका मैत्रिणीचा फोन थेट दुसरीच्या फोनशी जोडलेला, दुसरीचा तिसरीशी, आणि निरोप असा हातोहात पुढे जायचा. फक्त अक्षरं जायची, आवाज नाही. बाहेरच्या माणसाला अशी काही खोली आहे याचा पत्ताही लागत नसे. खोलीला मालकीण नव्हती. कुणी कुणाला हाकलून देऊ शकत नव्हतं. फार तर जिचा तिने आपल्यापुरता धागा तोडायचा. ही गोष्ट ताई येता-जाता अभिमानाने सांगायची.

हा सगळा खटाटोप धाकट्या बहिणीसाठी होता. धाकटीने नवरा सोडला होता. सोडला हा आपला बोलायचा शब्द. खरं तर ती जीव मुठीत धरून पळाली होती. नवरा दिसायला इतका सभ्य की पाहणाऱ्याला हेवा वाटावा. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायचा नाही. मारायचाही तो शर्टाच्या बाह्या नीट दुमडून, इस्त्रीची घडी सांभाळून. ती पळाल्यावर त्याने तिचा नवा नंबर शोधून काढला, मग त्याच्या नंतरचा, मग त्याच्याही नंतरचा. तेव्हापासून धाकटीच्या फोनला नंबरच नव्हता. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका कारखान्यात ती कामाला होती. तिथल्या वायफायवर आतली खोली उघडायची, ताईशी चार शब्द बोलायची, बंद करायची. तो कारखाना कुठल्या गावात हे ताईलाही ठाऊक नव्हतं. तसंच ठरलं होतं, कारण जे ठाऊकच नाही ते कुणी तोंडातून काढून घेऊ शकत नाही. ठाऊक होतं ते फक्त बसवालीला. शाळेची बस चालवणाऱ्या त्या मैत्रिणीनेच धाकटीला तिथे नेऊन सोडलं होतं.

खोलीत शिरायचा नियम मात्र महाकटकटीचा. दोघींनी समोरासमोर बसायचं. दोन्ही फोनवर बारा शब्दांची ओळ यायची, काहीच्या बाही शब्द, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एकीने एक शब्द मोठ्याने वाचायचा, दुसरीने आपल्या पडद्यावर बघून ‘जुळला’ म्हणायचं, मग दुसरीने पुढचा. सगळे जुळले की दोघींनी ‘हो’ दाबायचं. शब्द कायमचे पुसले जायचे आणि धागा जोडला जायचा. धाकटीचा खटला चालवणाऱ्या वकीलबाई म्हणायच्या, “अहो, एवढ्यात माझे दोन पक्षकार रडून घरी जातात.” बसवाली तर तोंडावरच बोलली, “एकीला आत घ्यायचं तर मला रजा टाकावी लागते. अशाने ही खोली ओस पडणार हं, आत्ताच सांगून ठेवते.”

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला ‘अवघड आहे’ म्हटलेलं फार झोंबतं. ताईलाही झोंबलं. त्यात धाकटीचं एकच पालुपद: मला आईशी बोलायचंय, ताई, एकदाच. आई दुसऱ्या गावात, जावयाच्या, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याच्याच, घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. गुडघे धरलेले, प्रवासाचं नाव काढलं की अंगावर धावून यायची. बरं, ताई तिकडे गेली की जावई हजर. मायेने चौकशी करायचा, हातातली पिशवी घ्यायचा, परतीच्या गाडीत बसवून द्यायला यायचा आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहायचा. अशात समोरासमोर बसून शब्द कुठे वाचत बसणार?

म्हणून ताईने आमंत्रण काढलं. एका ओळीची लिंक. साध्या मेसेजमधून पाठवायची, समोरच्याने बोट ठेवायचं, की झालं माणूस आत. आईला टाईप करायचा जाच नको म्हणून नावही आधीच भरून ठेवायची सोय केली. सुरक्षिततेचं म्हणाल तर लिंक एकदाच चालणार. एकाने वापरली की संपली. धाग्यावरून आवाज पाठवायचं कामही तिच्या डोक्यात होतं, पण ते किचकट होतं. ते तिने मागे ठेवलं आणि आमंत्रण पुढे घेतलं.

आत आल्यावर आईने लिहिलं, “सगळ्यांना नमस्कार. काळजी घ्या गं बाळांनो.” बसवालीने टाळ्या पाठवल्या. वकीलबाईंनी “या, बसा” म्हटलं. धाकटीने नुसतं “आई” लिहिलं, पुन्हा एकदा “आई” लिहिलं, आणि मग दोघी खाजगीत बोलायला गेल्या. खाजगीतलं तिसरीला दिसत नसे. तेही ताईनेच मोठ्या हौसेने केलेलं. ताईने डोळे पुसले, ओटा पुसला आणि कामावर गेली.

त्या दिवशी तिची पाळी मदतकक्षात होती. ताई लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची, पण मोठ्या साहेबांचं म्हणणं असं की खुर्चीत बसून लिहिलेलं लोकांना कसं भोवतं हे लिहिणाऱ्याने अधूनमधून कानांनी ऐकलं पाहिजे. शहरात कुठेही लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसाने घंटेचं बटण दाबलं की फोन या खोलीत यायचा. खोलीला खिडकी नव्हती. दोन खुर्च्या, कानाला लावायचे दोन हेडफोन आणि भिंतीवर दिव्यांचा नकाशा. जोडीदारीण जेवायला गेली होती. अशा वेळी जागा सोडायची नाही, हा तिथला पहिला नियम.

ताईचा स्वतःचा फोन वाजला. आई होती.

“काय गं, ते काय पाठवून ठेवलंयस? उघडतच नाही,” आई म्हणाली. कशी आहेस नाही, काय नाही. “दाबून दाबून बोट दुखलं माझं.”

ताईला हसू आलं. “अगं, उघडलं की! सकाळीच आत आलीस तू.”

“कुठे आत? सकाळभर चष्मा शोधत होते मी. आत्ता सापडला, तेव्हा कुठे तुझा मेसेज बघतेय. हे बघ, इथे काय लिहिलंय.” आणि आईने एकेक अक्षर लावत वाचलं, “हे... आमंत्रण... वापरून... झालं आहे. कुणी वापरलं? तूच वापरलंस?”

ताईचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते वाक्य तिनेच लिहिलेलं होतं. ‘चालत नाही’ असं रोखठोक वाचून आईला वाईट वाटेल, म्हणून ‘वापरून झालं आहे’ असं सौम्य लिहिलं होतं.

“आई,” ती म्हणाली, “तुझा फोन जावयाने घेऊन दिलेला ना?”

“मग काय तू देणार होतीस? सगळं त्यानेच लावून दिलं. माझे मेसेज त्याच्याही कॉम्प्युटरवर दिसतील असं करून दिलंय, म्हणजे माझ्या हातून काही पुसलं गेलं तर त्याच्याकडे राहील. गुणी आहे हो तसा.” आई थांबली. काही तरी तिच्याही लक्षात आलं असावं, कारण आवाज एकदम उतरला. “वाटायचा गुणी. का गं? काय झालं?”

“तो आत्ता कुठे आहे?”

“तो ना? गाडी काढून गेलाय कुठेसा. जाताना माझ्या गोळ्या आणून दिल्या. म्हणाला, एक-दोन दिवस दिसणार नाही, काळजी करू नका.”

ताईने आईला काय सांगून फोन ठेवला ते तिला नंतर आठवेना. तिने आतली खोली उघडली आणि ‘आई’ने सकाळी लिहिलेली ओळ पुन्हा वाचली. काळजी घ्या गं बाळांनो. आईने उभ्या जन्मात कुणाला बाळ म्हटलं नव्हतं. प्रेम आलं तर ‘कार्टे’, भरून आलं तर ‘गाढवे’. एवढे दिवस तोंड न दाखवणाऱ्या मुलीला पहिल्या शब्दाला शिव्या बसल्या असत्या, मग रडणं झालं असतं, मग पुन्हा शिव्या. सकाळी हे वाचून ताईला वाटलं होतं, ताटातुटीने बाई मऊ झाली बिचारी. प्रोग्रॅम लिहिता येतो, आई वाचता येत नाही, असलं डोकं काय जाळायचंय?

तिने आधी ‘आई’शी असलेला आपला धागा तोडला. तोडला तरी काय, बाकीच्यांचे धागे तसेच होते. धाकटीचा तर सगळ्यात घट्ट. खोलीबाहेर कुणाला काढायची सोयच तिने ठेवली नव्हती. वकीलबाईंना फोन लावला. त्या कोर्टात, फोनचा आवाज बंद, उचलेनात. बसवालीला लावला, ती मुलांना घरोघर सोडत असणार, गाडी चालवताना तिचा फोन डब्याच्या पिशवीत असायचा. धाकटीला लावायला नंबर नव्हता.

मग तिने धाकटीला खाजगीत लिहिलं: ती आई नाही. तो आहे. त्याच्याशी बोलू नकोस. पत्ता दिला असशील तर घरी जाऊ नकोस.

निरोपाशेजारी पोकळ गोल आला. म्हणजे धाकटीचा फोन अजून बंद. उघडेल तेव्हा जाईल. ताई त्या गोलाकडे डोळे फाडून बघत राहिली.

तेवढ्यात भिंतीवर दिवा लागला. तिने सवयीने हेडफोन चढवला.

“मदतकक्ष. घाबरू नका, मी आहे. आपण कितव्या मजल्यावर आहात?”

“मला काय माहीत, दोन मजल्यांच्या मधे आहे कुठेतरी,” एक आजीबाई म्हणाल्या. “घाबरले वगैरे नाहीये मी. भाजीची पिशवी खाली ठेवलीय आणि तिच्याशेजारी बसलेय. पण तुमचा आवाज का असा कापतोय हो?”

“नाही, तसं काही नाही. माणूस निघालाय तुमच्याकडे. दाराला हात लावू नका, आतून उघडायचा प्रयत्न करू नका.”

“तुम्ही पण पाणी प्या बाई थोडं,” आजी म्हणाल्या. “मी आहे इथे. कुठे जातेय?”

ताईचं रडू फुटायच्या बेतात होतं. तिने कारागिराला पत्ता दिला, आजींना दर थोड्या वेळाने ‘आहात ना’ विचारत राहिली, आणि प्रत्येक वेळी नजर फोनवर. आजी सुटल्या. जोडीदारीण परत आली आणि ताईचा चेहरा बघून काही न विचारता दोन्ही हेडफोन आपल्याकडे ओढून घेतले. पोकळ गोल तसाच होता.

सकाळी कामावर चढण्याआधी उघडलेला फोन धाकटी पुन्हा कारखान्यातल्या चहाच्या सुट्टीतच उघडायची. दुपार कलली आणि गोल भरला. धाकटीने वाचलं होतं.

उत्तर आलं: तू ताई आहेस कशावरून?

ताईला आधी अर्थच लागेना. तिने लिहिलं, म्हणजे काय? मीच आहे. ऐक माझं.

“आई म्हणाली होती असंच येईल म्हणून. ताईचा फोन त्याने हिसकावून घेतलाय, ताईच्या नावाने काहीही आलं तरी विश्वास ठेवू नकोस, तिच्या नंबरला तर फोनच करू नकोस, म्हणाली.”

तो फक्त आत शिरला नव्हता; शिरल्या शिरल्या त्याने मागचं दार बंद करून घेतलं होतं. आता ती जे जे लिहील ते ते त्याने लिहिल्यासारखं दिसणार होतं. जितक्या कळवळ्याने सांगेल तितका संशय वाढणार. आवाज असता तर एका हाकेत काम झालं असतं. आवाज तिने मागे ठेवला होता.

तिने लिहिलं, तुझ्या कोपराला खूण आहे. झोपाळ्यावरून पडलीस तेव्हाची. मी ढकललं होतं आणि घरी सांगितलं, तू स्वतःच पडलीस.

“हे त्याला माहीत आहे.”

आपल्या मांजरीचं नाव शेंबडी. बाबांनी ठेवलेलं.

“हेही माहीत आहे. मी सगळं सांगितलंय त्याला. लग्नाच्या पहिल्या वर्षात. आवडायचा तेव्हा.”

आणि लगेच दुसरी ओळ: “सुट्टी संपत आली. मी फोन ठेवते. आई संध्याकाळी येणार आहे. तू जो कोणी असशील तो, मला सोड आता.”

ताईने दोन्ही हातांनी डोकं धरलं. धाकटीचं सगळं आयुष्य त्या माणसाच्या खिशात होतं, मांजरीसकट. त्याला माहीत नाही असं काय होतं? ती पळून आल्यानंतरचं. फक्त तेवढंच. आणि त्यानंतर दोघी बहिणी एकदाच समोरासमोर बसल्या होत्या.

तिची बोटं चालायला लागली. चुका होत होत्या, तिने दुरुस्त केल्या नाहीत.

“बसची मागची सीट. तुझा ओठ फुटलेला. खाली मुलांनी टाकलेली चॉकलेटची कागदं. आपण बारा शब्द वाचत होतो. मी वाचलं सिंहासन, तू जुळला म्हणालीस. मग तुझी पाळी आणि शब्द आला बेडूक. सिंहासनानंतर बेडूक. तू इतकी हसलीस की ओठातून पुन्हा रक्त आलं. माझा रुमाल लावलास आणि रुमालातून म्हणालीस, आता राजा मिळाला ताई, पुढचा वाच.”

गोल भरला. शेजारी जोडीदारीण कुणाला तरी सांगत होती, घाबरू नका, माणूस निघालाय. ताई ते स्वतःलाच सांगितल्यासारखं ऐकत होती.

“ताई,” धाकटीने लिहिलं.

मग: “मी पत्ता दिला त्याला.”

मग: “माझी खोली कारखान्याच्या फाटकासमोरच आहे. सुटल्यावर सगळ्या तिथूनच बाहेर पडतात. तो उभा असेल.”

ताईने लिहिलं, मागून रस्ता आहे?

“चादरींच्या गाड्या जातात तिकडून. ताई, मुकादम आला. फोन घेतात”

आणि हिरवा ठिपका विझला. वाक्याला पूर्णविरामही नव्हता.

आता त्याच्याखेरीज कारखाना कुठे हे माहीत असलेलं जगात एकच माणूस, आणि तिचा फोन डब्याच्या पिशवीत. ताई लावत राहिली. वाजून वाजून बंद व्हायचा, ती पुन्हा लावायची. कधी नव्हे ते तिने डोळे मिटून हात जोडले. कुणाला जोडले हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. शेवटी बसवालीने उचलला तो वैतागूनच. “अगं, आग लागलीय का कुठे? शेवटचं पोरगं आत्ता उतरलं.”

ताईने सांगितलं. किती नीट सांगितलं देव जाणे. बसवालीने मधे एकही प्रश्न विचारला नाही, आणि तीच एरवी ‘मीठ दे’ म्हटलं तरी कशाला विचारणारी बाई. “मागच्या फाटकाने जाते,” एवढंच म्हणाली. “तू फोन मोकळा ठेव.” पाठोपाठ इंजिनाचा आवाज आला.

ताईने फोन टेबलावर ठेवला. वाट बघणं म्हणजे नुसतं बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी वाट बघितलेली नसते. तिला चादरींचे ढीग दिसत होते, मागचं फाटक दिसत होतं, त्या फाटकाला कुलूप असलेलं दिसत होतं. धाकटी मागे जायच्या ऐवजी सवयीने पुढून बाहेर पडलेली दिसत होती. दुमडलेल्या बाह्या दिसत होत्या. आजीबाईंनी सांगितलेलं पाणी ती आत्ता कुठे प्यायली, आणि त्यातलं निम्मं कुडत्यावर सांडलं.

तेवढ्यात फोन थरथरला. आतल्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असा निरोप होता.

“आई: बाळा, मी दाराशी आलेय. उघड ना.”

ताईच्या घशातून जो आवाज निघाला त्याने जोडीदारीण खुर्चीतून उठली. ताईने तर धागा तोडला होता, मग हा आला कसा? मग तिला कळलं. वकीलबाई अजून कोर्टातच होत्या, त्यांनी काही तोडलं नव्हतं. निरोप त्यांच्या फोनवरून वळसा घेऊन हातोहात तिच्यापर्यंत आला होता, तिने शिकवल्याप्रमाणे, इमानेइतबारे.

“आई: आतच आहेस ना? किती वेळ उभी करणार म्हातारीला?”

धाकटीचा ठिपका विझलेलाच होता. ती दाराच्या आत होती, की फाटकात, की रस्त्यावर, की त्याच्यासमोर? ताईला काहीही कळायला मार्ग नव्हता. ती फक्त वाचू शकत होती, आणि वाचल्याशिवाय राहवत नव्हतं.

“आई: मी थांबते हं बाळा. मला घाई नाही.”

भिंतीवरचा एकही दिवा लागलेला नव्हता. सगळ्या शहरात लिफ्ट कशा सुरळीत वर-खाली जात होत्या, आणि ताईला त्या प्रत्येक माणसाचा राग आला.

साधा फोन वाजला. बसवाली. मागे गाडीचा खडखडाट.

“ऐक,” ती म्हणाली. तिलाही दम लागला होता. “आज माझ्या गाडीत एक पोर जास्तीचं आहे. मागच्या सीटखाली बसलंय, वर ये म्हटलं तर येत नाही.”

“फोन देशील तिला?”

“देते. पण ती बोलेल असं वाटत नाही.”

नुसता श्वास ऐकू आला, तुटक, लहानपणी रडून झाल्यावर यायचा तसा. ताई तो ऐकत राहिली. घाबरू नकोस, मी आहे, हे रोज परक्या माणसांना सांगायचं वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच विरलं, कारण आज या सगळ्याला कारण तीच होती. “छोटे,” एवढंच ती म्हणाली.

धाकटीच्या घरमालकिणीने नंतर वकीलबाईंना सांगितलं ते असं. माणूस फार सभ्य हो. हातात फुलं होती. बायकोची वाट बघत जिन्यावर बसला होता, मी खुर्ची देते म्हटलं तर नको म्हणाला. उकडत असावं बिचाऱ्याला, बाह्या अगदी नीट दुमडून बसला होता.

ताईने आमंत्रण काढून टाकलं. त्यातलं एक अक्षर ठेवलं नाही. आतली खोलीही मोडली. सगळ्यांनी आपापले धागे तोडले आणि पुन्हा पहिल्यापासून एकेकीने समोरासमोर बसून जोडायला घेतले. या वेळी रजा टाकावी लागते म्हणून कुणी कुरकुर केली नाही. बसवालीने तर शब्द दोनदा वाचायला लावले. धाकटीला नवी खोली मिळाली, नवं काम मिळालं, आणि ते कुठे हे ताईला ठाऊक नव्हतं. आता तिला ते विचारायचीही भीती वाटायची.

आईचा जुना फोन चुलीत घालावा असं सगळ्यांनाच वाटत होतं; पण ती घरीच आहे असं जावयाला वाटावं म्हणून तो तिने चालू ठेवून, उशीखाली घालून, शेजारणीला “देवळात जाते” सांगून घर सोडलं. गुडघ्यांचं नाव काढलं नाही. बसवालीने तिला गाठून वळणावळणाने वकीलबाईंच्या कचेरीत आणलं. कचेरीच्या मागे फायलींची एक अंधारी खोली होती, तिथे तीन खुर्च्या मांडल्या होत्या. धाकटी आधीच येऊन बसली होती, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून.

आई दारात उभी राहिली. तिने पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कार्टे,” ती म्हणाली, “किती वाळलीस. आरशात तोंड बघतेस की नाही? गाढवे, एवढे दिवस...”

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ती उठली नाही. तिने खिशातून फोन काढला आणि गुडघ्यावर ठेवला. ताईने पुढे होऊन आईच्या हातात तिचा नवा फोन दिला, नाकावर चष्मा बसवून दिला. पडद्यावर शब्द उमटले.

आईने फोनकडे पाहिलं, मग धाकटीकडे. “हे काय आता? मी तुझी आई आहे, हे या डबीला विचारायचं?”

“हो आई,” धाकटी म्हणाली.

“समोर बसलेय की मी तुझ्या. डोळे आहेत ना तुला?”

धाकटीने डोळे पुसले आणि दाराकडे एकदा पाहून घेतलं. ताईने मान खाली घातली. आई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली, आणि मग काय समजायचं ते समजली. खुर्ची पुढे ओढून ती लेकीच्या इतक्या जवळ बसली की दोघींचे गुडघे एकमेकांना लागले. बोट शब्दाखाली धरून, एकेक अक्षर लावत तिने वाचलं, “क... कंदील.”

“जुळला,” धाकटी म्हणाली. मग तिने आपला वाचला, “पायरी.”

“जुळला,” आई म्हणाली आणि फोन खाली ठेवायला लागली. “झालं ना आता? ये इकडे. जवळ ये माझ्या.”

धाकटीने एक हात आईच्या गुडघ्यावर ठेवला. पण ती जागची हलली नाही.

“पुढचा शब्द वाच, आई,” ती म्हणाली.